रब्बीच्या आवर्तनात बोट

फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेल्या फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तेलकट अंगठ्याचा एक डाग आहे. मार्चमध्ये फोटो आला तेव्हा तो नव्हता. आषाढात तो मुगाएवढा दिसू लागला, गणपतीत वाटाण्याएवढा झाला, आणि दिवाळीनंतर एकदा घरात कुणी नसताना मी पट्टी लावून पाहिली तेव्हा त्याचा व्यास चौदा मिलिमीटर भरला. अंगठा माझ्या सासूबाईंचा, गिताबाईंचा. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, सासऱ्यांना मामा म्हणायचो. फोडणी झाली की हात नीट न पुसता त्या तो फोटो काढतात, खिडकीपाशी उजेडात नेतात, डोळ्यांजवळ धरतात, आणि पुन्हा लावून ठेवतात. शेजारच्याच भिंतीवर तालुका विज्ञान प्रदर्शनात ढाल घेतानाचा माझा फोटो आहे. त्याच्यावर धूळ आहे. ती सगळीकडे सारख्याच जाडीची आहे.

फ्रिजवरचा फोटो माझ्या जावेचा, पूनमचा. धाकटे दीर मल्हार कॉम्प्युटरच्या नोकरीवर इंग्लंडात गेले, त्यांच्याबरोबर ती गेली. मागच्या नाताळच्या सुट्टीत या दोघांनी तिथल्या एका कालव्यात आठवडाभर राहण्यासाठी बोट भाड्याने घेतली होती. लांबलचक, अरुंद, हिरवी बोट. तिच्यावर रंगवलेली फुले, छपरावर धुराडे, धुराड्यातून धूर. पाऊस तिरपा पडतो आहे, मल्हार रेनकोट घालून मागे सुकाणू धरून उभे आहेत, आणि पूनम दारात कप घेऊन हसते आहे. मागच्या बाजूला तिने लिहिले आहे: ‘वादळात तीन दिवस अडकलो! खूप मज्जा आली!’

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. मला पूनमचा हेवा वाटत नाही. ती बी.एस्सी.ला सेकंड क्लासमध्ये पास झाली आणि मी फर्स्ट क्लासमध्ये, ही केवळ माहिती आहे. त्या बोटीचा वेग ताशी चार मैल असतो असे तिने फोनवर सांगितले तेव्हा मी मनात हिशेब करून पाहिला. साडेसहा किलोमीटर होतात. भांडगावात आमची म्हैस संध्याकाळी गोठ्याकडे याहून जास्त वेगाने येते, आणि तिचे कुणी फोटो काढत नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती. पण पूनमला फेब्रुवारीत बाळ होणार होते, तिच्या आईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले, म्हणून सहा महिने आत्याबाईंनी तिकडे यावे असे ठरले. म्हणजे आत्याबाई सोडून बाकी सगळ्यांचे ठरले. पासपोर्ट झाला. व्हिसा आला. वीस डिसेंबरच्या आत तिकीट काढायला हवे होते. दर रविवारी संध्याकाळी पूनमचा फोन यायचा, “मम्मी, येताय ना?” आणि आत्याबाई रिसीव्हर तोंडापासून वीतभर लांब धरून ओरडायच्या, “बघू!”

‘बघू’ या शब्दात होकार किती आणि नकार किती, याचे पृथक्करण करायची कोणतीही पद्धत मला माहीत नाही.

मी माझी भूमिका पहिल्याच दिवशी स्पष्ट केली होती. “आत्याबाई, निर्णय तुमचा. माझी काही हरकत नाही.” हे वाक्य मी नंतरही जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा शब्द न बदलता उच्चारले. प्रयोग करणाऱ्याने निरीक्षणात ढवळाढवळ करू नये. माझे यजमान हनुमंतराव मात्र दर वेळी माझ्याकडे असे बघायचे, जणू मी वर्गात चुकीचे सूत्र लिहिले आहे.

वस्तुस्थिती अशी होती की बारा वर्षे आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात काढली होती. फारसे बोलणे नाही. दुपारी मी शाळेतून आले की दोन कप चहा व्हायचा. त्या शेंगा फोडायच्या, मी वह्या तपासायची. एप्रिलमध्ये त्या लग्नाला म्हणून आठ दिवस माहेरी, मांडवगण फराट्याला गेल्या, तेव्हा मी चार दिवस दोनच कप ठेवत राहिले. पाचव्या दिवशी ठेवलाच नाही. जडत्वाचा नियम आहे तो. त्यात भावनेचा काही संबंध नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, फोटो हातात असताना, आत्याबाई म्हणाल्या, “सविता, ह्ये घरच चालतंय की गं. चूल आत, हातरूण आत, आन् चाललंय आपलं. मी जल्मले तवा आमचं बिऱ्हाड आसंच चालायचं. मेंढरं म्होरं, घोड्यावर संसार. तुमच्या मामांसंगं लगीन झालं, मामांनी जमीन धरली, तवापास्नं एका जाग्याला बसले ती बसलेच. चाळीस वर्सं.” मग फोटो परत लावत, “आपल्या कालव्यात का गं अशी बोट न्हाई?”

गावाच्या वरच्या अंगाला कालवा आहे. त्यात म्हशी असतात, पोरे असतात, सतरंज्या असतात. बोट नसते. पण त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख दिसली. आत्याबाईंना इंग्लंड नको आहे. त्यांना बोट हवी आहे. बोट इथेच मिळाली, तर...

“होऊ शकते,” मी म्हणाले.

या दोन शब्दांनी पुढचे सगळे घडले.

पहिला सल्ला शेजारच्या तात्याबांनी दिला. तात्याबांचे पूर्वी गुऱ्हाळ होते. गुऱ्हाळ बंद झाले, पण रस उकळायची आठ फुटी काहील त्यांनी अंगणात पालथी घालून ठेवलेली आहे, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर ते तीच सुचवतात. लग्नात भात, उन्हाळ्यात कोंबड्या, पुरात प्रवास. “मास्तरीणबाई, काहिलीत गिताबाईला बसवा आन् द्या सोडून. भीमेच्या पुरात मी वडगाव रासाईवरनं अल्याड आलोय काहिलीतनं, दोन शेळ्या घिऊन.”

“तात्याबा, काहील गोल असते. ती गरगर फिरते.”

“मग काय झालं? चारी बाजू बघायला मिळत्यात.”

दुसरा सल्ला अनसाबाईंचा. त्या समोर राहतात आणि आमच्या दारात उभ्या राहून बोलतात. “त्यापरीस वडगावला जावा की. नदीत नावाडी हाय, नाव हाय. दहा मिनटांत जाऊन माघारी.” या सूचनेत तथ्य होते, आणि मी ती लगेच फेटाळली. नदी ही नदी असते. पूनमचा कालवा होता. तुलना करायची तर परिस्थिती समान हवी. अनसाबाई म्हणाल्या, “तिच्या बोटीत धुराडं बी हाय, मी फोटू बघितलाय.” हे त्या का म्हणाल्या ते मला कळले. मी वहीत लिहून घेतले: धुराडे.

हायवेला पोपटरावांचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. ते उसाच्या ट्रॉल्या करतात. मी आलेखाच्या कागदावर तीन बाजूंचे आराखडे काढून नेले. लांबी अठरा फूट, रुंदी साडेपाच फूट, खाली दोन रांगांत चौदा निळी प्लास्टिकची पिंपे, वर लोखंडी सांगाडा, पत्र्याचे छप्पर. पिंपांचे एकूण घनफळ, बोटीचे वजन, चार माणसे, एक स्टो आणि पाण्याची कळशी धरून ती किती बुडेल, हे सेंटिमीटरमध्ये मांडले होते. पोपटरावांनी कागद उलटा धरून पाहिला.

“बाई, काळजी करू नका. बोट म्हंजी बिनचाकाची ट्रॉली. शंभर केल्यात.”

“पोपटराव, ती तरंगायला हवी.”

“तरंगंल की. वजन कमी पडलं तर मी चॅनल लावतो जाड.”

बारा दिवसांनी बोट तयार झाली. ती तरंगेल अशी होती, हे मान्य करायला हवे. पण पोपटरावांचा हात ट्रॉलीला बसलेला. पुढे ट्रॅक्टरला जोडायचा हूक होता. मागे लाल रेडियमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही बाजूंना चिखल उडू नये म्हणून रबरी फडकी होती.

“ही कशाला?”

“आपण सगळ्यांनाच लावतो.”

“आणि रेडियम?”

“रेडियम न्हाई लावलं तर धरत्यात बाई.”

“कालव्यात कोण धरणार आहे?”

“आज न्हाई कोण. उद्या काय सांगावं?”

मी फुले रंगवायला सांगितली होती. त्यांच्या पेंटरला दोनच चित्रे येत, एक बैल आणि एक पोपट. दोन्ही बाजूंना मिळून चार पोपट होते. आत्याबाई बोटीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, “पूनमच्या बोटीला पाखरू एक बी न्हवतं.” त्या दिवशी मला बरे वाटले. किती बरे वाटले ते मी मोजले नाही.

धुराडे मी स्वतः बसवून घेतले. दोन इंची लोखंडी पाइप, छपरापासून पंचवीस सेंटिमीटर उंच, वर पत्र्याची टोपी. आतल्या स्टोचा धूर तसाही खिडकीतून गेला असता. पण मी कारण विचारले जाईल म्हणून आधीच ‘वायुवीजन’ असे उत्तर तयार ठेवले होते. कुणी विचारले नाही.

आता परवानगी. हनुमंतराव म्हणाले, “कशाला विचारायचं? आपण गुपचूप सोडू.” मी शिक्षिका आहे, मी गुपचूप काही सोडत नाही. शाळा अर्धी असलेल्या दिवशी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कनी सात नंबरचा फॉर्म पुढे केला. हा पाणी मागणीचा फॉर्म. आमच्याकडे तो जन्मदाखल्याइतका सर्वांना माहीत असतो.

“मला पाणी घ्यायचं नाही,” मी म्हणाले. “पाण्यावर तरंगायचं आहे.”

“हंगाम कोणता?”

“रब्बी. आवर्तन सुटेल तेव्हा.”

“मग सातच नंबर. पीक काय लिहू?”

“बोट.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, छापील यादीवरून बोट फिरवले. गहू, हरभरा, ज्वारी, ऊस, चारा. “बोट न्हाई यात. चारा लिहू का?”

“ती चारा नाही.”

“क्षेत्र किती?”

“अठरा गुणिले साडेपाच फूट.”

“गुंठ्यात सांगा.”

मी सांगितले. शून्य पूर्णांक शून्य नऊ. त्यांनी ते आदराने लिहून घेतले आणि मला आत साहेबांकडे पाठवले. साहेब सज्जन होते. त्यांनी नियमांचे पुस्तक काढले. जनावरे धुण्यास मनाई, वाहने धुण्यास मनाई, विनापरवाना पाइप टाकण्यास मनाई. बोटीबद्दल अक्षर नव्हते.

“म्हणजे मनाई नाही?” मी विचारले.

“नव्हती,” साहेब दुःखाने म्हणाले. “पण आता तुम्ही विचारलंत. विचारल्यावर काहीतरी म्हणावं लागतं.”

शेवटी त्यांनी काहीच म्हटले नाही, फक्त अर्जाच्या पोचेवर ‘आवक’ असा शिक्का मारून दिला. याचा अर्थ कागद आला, एवढाच. हनुमंतरावांनी तो कागद लॅमिनेट करून बोटीत लावला, आणि गावात परवानगी मिळाल्याचे जाहीर झाले.

कालवा तेव्हा कोरडा होता; आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, अजून सुटायचे होते. याचा मी फायदा घेतला. मापाची टेप घेऊन मी प्रत्यक्ष तळात उतरले आणि पाटबंधाऱ्याच्या चौकीपासून खालच्या प्रत्येक पुलाची उंची मोजली. पाटकरी खंडू वर काठावर बसून बघत होता. पाटकरी म्हणजे कालव्याची दारे उघडणारा-लावणारा सरकारी माणूस. त्याला विचारून मी पूर्ण आवर्तनातल्या पाण्याची पातळी लिहून घेतली. सर्वांत ठेंगणा पूल दुसरा. त्याच्याखालीही धुराड्याच्या टोपीवर पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा राहत होती. मी बाष्पीभवन धरले, गळती धरली, वाऱ्याने उठणाऱ्या लाटाही धरल्या.

“बाई, लई बारीक हिशोब केला,” खंडू म्हणाला. “माणसं धरली का न्हाई त्यात?”

“चार माणसं. दोनशे साठ किलो.”

“ती न्हवं...” असे काहीतरी तो म्हणाला. पण मी तेव्हा आकडा लिहीत होते.

आवर्तन सुटले ते डिसेंबरच्या सात तारखेला. रविवारी, अकरा तारखेला, बोट पाण्यात सोडायची ठरली. संध्याकाळी पूनमचा फोन येणार, तेव्हा आत्याबाई स्वतः तिला बोटीचे सांगतील, असा माझा अंदाज होता. त्यांचे पहिले वाक्य काय असेल तेही मी मनात बोलून पाहिले होते. शुक्रवारी रेडिओवर बातमी आली: बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस. अनसाबाई दारात येऊन म्हणाल्या, “आभाळ बघितलं का? पुढल्या ऐतवारी करा की.” पुढच्या रविवारी अठरा तारीख होती आणि वीसला तिकीट. मी त्यांना ‘तुरळक’ या शब्दाचा संख्याशास्त्रीय अर्थ समजावून सांगितला. त्या ऐकून घेत्या झाल्या आणि जाता जाता वाळत घातलेल्या शेंगा उचलून घेऊन गेल्या. त्या माझ्या होत्या. पाऊस येणार म्हणून त्यांनी त्या माझ्याच पडवीत ठेवल्या, हे मला नंतर कळले.

रविवारी सकाळी अकरा वाजता पोपटरावांच्या ट्रॅक्टरने बोट कालव्यात उतरवली. हूक उपयोगी पडला, हे त्यांनी मला तीन वेळा ऐकवले. बोट मी काढलेल्या रेषेपर्यंत बुडाली. दोन सेंटिमीटरचा फरक, तो पोपटांच्या रंगाचा असावा. काठावर पन्नासेक माणसे जमली होती. आत्याबाई नवे लुगडे नेसून आल्या, पायातल्या वहाणा काठावर काढल्या आणि देवळात शिरावे तशा आत शिरल्या. गादीवर बसल्या, खिडकीतून पाणी पाहिले, स्टोला हात लावून पाहिला. मग हनुमंतरावांनी मागून लांब वासा रोवला, आणि आमचे घर चालू लागले.

वेग ताशी सव्वादोन किलोमीटर. म्हशीपेक्षा कमी. पण खरे सांगते, पहिली पंचवीस मिनिटे फार चांगली होती. दोन्ही काठांनी ऊस मागे जात होता. आत्याबाई खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून मागे पडू दिला होता, आणि मी त्यांना तसे बारा वर्षांत पाहिले नव्हते. मी कॅमेरा काढून त्यांचा एक फोटो घेतला. तो पूनमला पाठवायचा होता. म्हणजे पूनमने तो तिच्या फ्रिजवर लावावा, अशी माझी अपेक्षा होती.

पहिला पूल आरामात गेला. मग वारा आला. आधी पत्रा वाजला, मग रबरी फडकी फडफडली, आणि पूर्वेकडून काळे आभाळ असे चढले की कुणीतरी खडूने लिहिलेले पुसत यावे. पाच मिनिटांत पाऊस फोटोतल्यासारखा तिरपा पडू लागला. डिसेंबरचा पाऊस, बोटे आखडत होती. काठावरून बोटीबरोबर चालणारी माणसे पळाली, ती आपापल्या शेताकडे.

ही माणसे शेताकडे का पळाली, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

पाऊस आल्यावर कालव्याचे पाणी कुणाला लागते? कुणालाच नाही. उलट गव्हात दोन्हीचे पाणी साचले तर पीक पिवळे पडते. खालच्या चार किलोमीटरवरच्या प्रत्येकाने धावत जाऊन आपापल्या चारीचे, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या पाटाचे, दार लावले. जे पाणी शेकडो दारांतून शेतात जायचे, ते सगळे कालव्यातच राहिले, आणि कालवा फुगला. बाष्पीभवन मी धरले होते. माणसे, खंडू म्हणत होता ती, धरली नव्हती.

दुसरा पूल समोर आला तेव्हा पंधरा सेंटिमीटरची मोकळी जागा उणे तीन झालेली होती. “अहो, थांबवा!” मी ओरडले. हनुमंतरावांनी वासा रोवला. वासा राहिला आणि बोट पुढे गेली. ते वाशाला धरून क्षणभर कालव्याच्या मधोमध लटकले, मग पोहत काठाला लागले. बोट पुलाखाली शिरली. ‘खट्ट’ असा आवाज झाला. माझे धुराडे पुलाच्या तुळईत अडकले होते.

धुराडे नसते तर आम्ही सहज पलीकडे गेलो असतो. हे विधान मी कुणापुढे केले नाही. पण पुलावरून पोपटरावांनी ते सगळ्या गावाच्या वतीने केले. “बाई, ट्रॉलीला धुराडं नसतं!”

पाणी वाढत होते. दर दहा मिनिटांना तीन सेंटिमीटर. पाइप वाकला, आणि मग छप्परच पुलाला टेकले. आता बोट खालून पाण्याने आणि वरून पुलाने दाबलेली होती. दोन्ही टोकांच्या वीतभर फटीतून काठावरची माणसे दिसत होती, म्हणजे त्यांचे पाय. पायांवरून मी तात्याबांना ओळखले.

“गिताबाई, जित्ती हायस का?”

“हाय की,” आत्याबाई म्हणाल्या. “च्या करती. तू घेतोस?”

खंडूचे पाय आले. त्याने वरच्या चौकीवर निरोप धाडला होता. पाणी कमी करता येत होते, पण ते इथपर्यंत उतरायला दोन-अडीच तास लागणार होते. तोवर एकच उपाय, खालची दारे पुन्हा उघडायची. हनुमंतराव ओल्या कपड्यांनी वस्ती-वस्तीवर गेले. “माझी आई पुलाखाली अडकली आहे, दार उघडा,” असे सांगायचे आणि समोरच्याने आधी आभाळाकडे, मग गव्हाकडे बघायचे. पहिले दार तात्याबांनी उघडले. ओल्या गव्हात आणखी पाणी सोडले आणि परत येऊन ते पुलावरून ओरडले, “मी काहील म्हणलो व्हतो!”

बोटीत आम्ही दोघीच होतो. अंधूक उजेड, पावसाचा आवाज, स्टोचा आवाज. मी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारली होती आणि दर पाच मिनिटांनी पाहत होते. दोन कप चहा झाला. आत्याबाईंनी बशीत ओतला, फुंकर मारली.

“पूनम तीन दिस अडाकली व्हती,” त्या म्हणाल्या.

“आपण इतका वेळ नाही अडकणार,” मी म्हणाले. माझ्या स्वरात थोडी निराशा आली, हे मला जाणवले.

“सविता, येक इचारू?”

“विचारा.”

“मी जाऊ का नको?”

“निर्णय तुमचा, आत्याबाई. माझी काही—”

“हरकत न्हाई,” त्यांनी वाक्य पुरे केले. “पाठ झालंय मला. म्हैस इकायची म्हणलं तर तू दोन दिस तोंड पाडून हिंडलीस. मी इकडनं निघाले तर हरकत न्हाई.”

मी पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिले. पाणी तिथेच होते. वर जात नव्हते, खाली येत नव्हते.

“जाऊ नका,” मी म्हणाले.

हे वाक्य मी तयार केलेले नव्हते, त्यामुळे पुढचीही वाक्ये तयार नव्हती. ती आपोआप आली, आणि क्रमाने आली नाहीत. “एकटीसाठी चहा ठेवावासा वाटत नाही. तिला सगळं मिळालं. इंग्लंड मिळालं, बोट मिळाली, आता बाळ होईल. मला फर्स्ट क्लास होता. तिला तुम्ही कशाला? माझ्याकडे तुम्ही तेवढ्या होतात. तिचा फोटो रोज बघता. माझ्या फोटोवरची धूळसुद्धा कुणी पुसत नाही.”

आत्याबाई बशी हातात धरून बघत राहिल्या. मग हसू लागल्या. इतक्या की चहा लुगड्यावर सांडला.

“आगं, येवढंच म्हणायचं व्हतं तर सैपाकघरात म्हणायचं की. त्यापायी नाव कशाला बांधलीस?”

बाहेर कुणीतरी ओरडले की आणखी दोन दारे उघडली.

“माझा बा मेंढरं घिऊन गावोगाव हिंडायचा,” आत्याबाई म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. “शेतात मेंढरं बसवायची, लेंड्या-मुताचं खत व्हतंय म्हणून शेतकरी बसवून घेत्यात. निघायचा दिस आला की शेताचा मालक यायचा आन् म्हणायचा, आजून दोन राती ऱ्हावा. तसं म्हणलं की बा खूश. आन् मग निघायचाच, थांबायचा न्हाई. पन एखांद्या गावात कुणी म्हणायचंच न्हाई. मग बा उगं घुटमळायचा. ह्ये बांध, त्ये सोड. जावं तर कुणी हाकलल्यावानी दिसायचं. आई तोंड फिरवून रडायची.” त्यांनी कप खाली ठेवला. “कवापास्नं घुटमाळतीय मी. हनुमंता म्हणला, जा. मल्हार म्हणला, ये. आनसा म्हणली, इमान बघ. नको जाऊ म्हणणारं घरात येकच माणूस, त्ये म्हणतंय, हरकत न्हाई.”

बोट हलली. अगदी थोडी, मी पाहिले तर पाणी रेघेच्या खाली गेले होते. एक सेंटिमीटर, मग दीड. छपरावरचा करकर आवाज थांबला आणि पुलाची तुळई पत्र्यापासून सुटली. फटीतून तात्याबांचे डोके उलटे खाली आले. टोपीतून पाणी गळत होते.

“गिताबाई, निम्म्या गावानं तुझ्यापायी गव्हात पानी सोडलंय. आता तरी सांग. जातीस का ऱ्हातीस?”

त्यांच्या मागे पुलावरची सगळी माणसे खाली वाकली.

आत्याबाई उठल्या. छपराला एका हाताने धरून त्या बोटीच्या टोकाला गेल्या आणि पावसात डोके बाहेर काढले. पण बोलल्या त्या मागे वळून, माझ्याकडे बघून. फोनवर बोलतात तशाच मोठ्याने, पार काठापर्यंत ऐकू जाईल अशा.

“आज फोन आला की मल्हारला सांग, मी येणार हाय. तिकीट काढ म्हणावं. जायाचं आन् माघारी यायचं, दोन्ही.”